सशाचं बळ गवतात



आपल्या कार्यक्रमात शेळी, गाय, कोंबडी यांच्यावर बरंच बोलणं होतं. आज विषय सशाचा आहे. आठवडी बाजारातून, जत्रेतून ससे आता खेड्यातल्या घरांतही येतात. मुलं हट्ट करतात, आपण आणून देतो आणि मुलं शाळेत गेली की त्याचं खाणंपिणं आपल्याच गळ्यात पडतं. मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर तीन-चार जणींनी एकच प्रश्न विचारला, "ताई, ससा वाळत चाललाय. काही चांगलंचुंगलं खायला घातलं की त्याला हगवण लागते. करायचं काय?"

आधी ससा खरंच वाळलाय का ते बघा. केसांमुळे तो गुबगुबीत दिसतो, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. पाठीवरून हात फिरवा. कण्याचे मणके हाताला लागतात, पण ते गोलसर लागले पाहिजेत. टोकदार लागले तर ससा वाळलाय. मग त्याचं वजन करा. अंगणवाडीत बाळाचं करतात तसं. किराणा दुकानातला काटा चालतो. सशाला टोपलीत बसवा, टोपलीचं वजन वजा करा आणि आकडा वहीत लिहा. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी. आपण गटाचा हिशोब ठेवतो तसाच हा ठेवायचा. दीड किलोचा ससा दीडशे ग्रॅमने उतरला तर ते गंभीर समजा.

आता त्याच्या पोटाबद्दल. अशक्त लेकराला आपण तूप, गूळ, शिरा देतो. सशाला हे चालत नाही. त्याच्या आतड्यात एक मोठी पिशवी असते. तिथे बारीक जिवाणू चाऱ्याचा चोथा आंबवतात आणि त्यातून सशाला ताकद मिळते. भाकरी, पोळी, भात, बिस्किट, गूळ असं पिठाचं आणि गोड खाणं जास्त गेलं की ते जिवाणू बिघडतात. पोटात गॅस धरतो, लेंड्या पातळ होतात आणि ससा आणखी वाळतो. त्याला ओकारीही करता येत नाही, म्हणजे चुकीचं पोटात गेलं की बाहेर काढायची सोय नाही.

एक गोष्ट बघून घाबरू नका. ससा पहाटेच्या सुमारास स्वतःच्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या तोंडाने उचलून खातो. ती घाण सवय नाही, त्यात त्याचं पोषण असतं. पण त्या मऊ लेंड्या रोज तशाच पडून राहत असतील किंवा शेपटीखाली चिकटत असतील, तर पिठाचं, गोडाचं खाणं जास्त होतंय का ते तपासा.

खुराक वाढवण्याआधी वाळण्याचं कारण शोधायला हवं. आमच्या गटातल्या एका ताईंचा ससा गवत सोडून फक्त बिस्किट मागायचा. घरात सगळे म्हणायचे, लाडावलाय. पण त्याची हनुवटी ओली असायची आणि तोंडातलं गवत खाली पडायचं. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं तर दाढांना टोकं आलेली, ती जिभेला टोचत होती. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून चावून ते झिजतात, बिस्किटाने झिजत नाहीत. दाढा घासून घेतल्यावर तो हळूहळू गवताला लागला आणि दोन महिन्यांत बाराशे ग्रॅमवरून दीड किलोवर आला.

दात बरे असतील तर पोटातले जंत, लहान पिल्लांना ओल्या पिंजऱ्यातून होणारी हगवण, दुसऱ्या सशाचा त्रास किंवा उन्हाळा, ही कारणं असू शकतात. पारा ३० अंशांच्या वर गेला की ससा खाणं कमी करतो. त्याला सावलीत ठेवा, मातीच्या जड भांड्यात गार पाणी ठेवा. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना ताज्या लेंड्या डबीत घालून न्या, म्हणजे तपासता येतात.

आता खाण्याचं. सशाच्या अंगाएवढा वाळल्या गवताचा ढीग रोज त्याच्यापुढे हवा, रात्रीसुद्धा. हरळी, पवना असं बांधावरचं गवत सावलीत वाळवून ठेवा. बुरशी आलेलं, ढिगात गरम झालेलं किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचं गवत नको.

वजन वाढवण्यासाठी वाळलेला लसूणघास त्यात मूठभर मिसळा. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला तो चांगलाच मानवतो. मोठ्या सशाला मात्र वजन भरलं की कमी करा. त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम जास्त असतं आणि त्यामुळे लघवीत खडा होऊ शकतो. लेंड्या घट्ट राहत असतील तर दिवसाला एक चहाचा चमचा साधे ओट द्या. तयार गोळीखाद्य देत असाल तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवा. कोथिंबीर, मुळ्याचा पाला चालतो, पण एका वेळी एकच नवा पाला, तोही दोन-चार काड्या. चार दिवस लेंड्या बघा, मगच पुढचा. लेंड्या पातळ झाल्या तर नवीन सगळं बंद करून फक्त वाळलं गवत आणि पाणी ठेवा. पाण्यासारखी हगवण असेल तर मात्र घरी थांबू नका.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली, ससा १२ तास काही खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर उद्यावर ढकलू नका. त्याचं आतडं थांबत असतं आणि एका रात्रीत जीव जाऊ शकतो. दुसरी, घरातली उरलेली किंवा शेळीची गोळी त्याला देऊ नका. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीनसारखी औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या पोटातले जिवाणू मरतात आणि पाठोपाठ ससाही. गोचिडासाठी कुत्र्याला मारतात तो फिप्रोनीलचा फवाराही सशाला विषारी आहे.

शेतात रानसशाचं पिल्लू सापडलं तर घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. शिवाय त्याची आई दिवसा पिल्लापासून लांबच राहते आणि पाजायला परत येते. ते जिथे आहे तिथेच राहू द्या.

काही जणी म्हणतील, माणसांचं होईना, सशाचं कुठे एवढं करायचं? पण यात खर्च फारसा नाही. गवत बांधावरचं, काटा दुकानातला, वही मुलीची. वजनाचं आणि गवताचं काम मुलांवरच सोपवा. जीव त्यांनी आणलाय, तर त्याची काळजीही त्यांनी शिकू दे. वजन आठवड्यात वाढणार नाही, महिना-दोन महिने जातील. पुढच्या बैठकीला येताना ती वही घेऊन या, आपण मिळून बघू.