मागे राहिलेली

(अक्कलकोट येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



येथून सुमारे चाळीस किलोमीटरवर, सोलापुरात, १९१० साली द्वारकानाथ कोटणीस जन्मले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. १९४१ साली त्यांनी को चिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच मरण पावले. मुलगा अवघ्या काही महिन्यांचा होता.

व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ साली आला. युद्धाच्या धगीत फुललेली प्रीती हा त्याचा गाभा खरा; परंतु कहाणी कोटणिसांचीच. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील देशाला वीरपुरुष हवा होता, हे समजण्यासारखे आहे.

अकरा वर्षांनी सोव्हिएत दिग्दर्शक मिखाइल कालाटोझोव यांनी ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ काढला आणि १९५८ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळविले. त्यातील बोरिस स्वेच्छेने सैन्यात जातो आणि मध्यावरच दलदलीत गोळी लागून मरतो. कथा मात्र वेरोनिकाबरोबर पुढे चालते. बाँबहल्ल्यात आईबाप गमावलेली ही मुलगी बोरिसच्या चुलतभावाशी मन मारून लग्न करते. सैबेरियातील रुग्णालयात बोरिसचे वडील एका जखमी जवानाची समजूत घालताना वाट न पाहणाऱ्या स्त्रियांना दूषणे देतात. ती ते ऐकते आणि आगगाडीच्या दिशेने धावत सुटते. दिग्दर्शक तिला निर्दोष ठरवीत नाही, पण न्यायासनावरही बसत नाही. स्टालिनच्या काळातील विजयपटांत अशा स्त्रीला जागा नव्हती. १९५६ च्या विसाव्या पक्षकाँग्रेसनंतरच ती मिळाली. (चित्रपटाच्या नावातले पक्षी म्हणजे क्रौंच. वाल्मीकीचा शोक श्लोक झाला, तोही मागे आक्रंदणाऱ्या क्रौंचीला पाहूनच.)

सोलापूरचे मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले. ही चार नावे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्या घरच्या एका तरी स्त्रीचे नाव सभेत कोणी घेते काय?

को चिंगलान २०१२ साली वारल्या. मुलगा इन्हुआ, ज्याच्या नावात भारत आणि चीन दोन्ही होते, १९६७ सालीच गेला होता. तो वैद्यकाचा विद्यार्थी होता. पतीच्या मृत्यूनंतर त्या सत्तर वर्षे जगल्या. शांतारामांचा चित्रपट आला तेव्हा त्यांतली चारच सरली होती.