हातोडा आपला, हिशेबही आपलाच

आपल्या जळगाव-धुळ्याकडे बचत गट म्हटलं की बिबडे, पापड, शेवया, कुरडया ही नावं आधी येतात. ती कामं चांगलीच आहेत, आम्हीही करतो. पण आज आम्ही बोलणार आहोत सुतारकामाबद्दल. आमच्या गावातल्या तीन बचत गटांमधल्या चौदा जणींनी मिळून एक सुतारकाम मंडळ सुरू केलं, त्याला तीन वर्षं होतील. गट आपापल्या जागी चालू आहेत, बचत आणि कर्जाचे व्यवहार तिथेच होतात. मंडळ मात्र दर रविवारी दुपारी दोन ते पाच एका जुन्या गोदामात भरतं.

सुतारकामच का, असं सगळे विचारतात. प्रत्येक गावात अशा मोडक्या वस्तू असतात, ज्यांना कुणी धनी नसतो. शाळेचं बाक, अंगणवाडीतला पाट, पाणपोईच्या माठाची तिवई. घरची खाट मोडली तर घरचं माणूस सुताराला बोलावतं. शाळेच्या बाकाचा पाय मोडला तर बाक मागच्या खोलीत जातं आणि पोरं फरशीवर बसतात. एक पाय बसवायला अर्धा दिवस लागतो, पण तो अर्धा दिवस कुणाचा, हे ठरत नाही. तो आमचा, असं आम्ही ठरवलं.

बायांनी हे काम करणं काही आभाळातून पडलेलं नाही. पुणे जिल्ह्यात पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचं, ही तिथली पद्धत. त्या शिक्षणात मुलीही मुलांच्या बरोबरीने लाकूडकाम, वेल्डिंग, बांधकाम शिकत आल्या आहेत. तिकडे ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी 'मेन्स शेड' नावाच्या सामाईक कार्यशाळा निघाल्या. घरात एकटे पडलेले पुरुष तिथे जमतात, लाकूडकाम करतात, गावाच्या वस्तू दुरुस्त करून देतात. हात कामात असले की तोंडही मोकळं होतं, हा त्यांचा अनुभव. आपल्याला हे नवं नाही. पापड लाटताना आपण दुसरं काय करतो?

आता खरी गोष्ट. मंडळ काढायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न घरच्यांनी नाही, आमच्यातल्याच एका काकूंनी विचारला. "तुम्ही फुकट बाकं करून देणार, मग आप्पांनी काय खायचं?"

आप्पा म्हणजे आमच्या गावचे सुतार. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. औत, वखर, बैलगाडी वर्षभर नीट ठेवायची आणि खळ्यावर धान्य घ्यायचं, ही जुनी रीत. ट्रॅक्टर आले, लोखंडी औजारं आली, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, तसं ते काम सरलं. अशात आम्ही चौदा जणी हातोडे घेऊन उभ्या राहिलो, तर सेवेच्या नावाखाली एका घराची उरलेली भाकरीही जायची.

म्हणून कामाआधी तीन नियम लिहिले. पहिला, ज्या कामाचे आप्पांना पैसे मिळू शकतात ते काम मंडळ घेणार नाही. दार, खिडकी, खाट, देव्हारा कुणी मागितला तर आम्ही आप्पांचं घर दाखवतो. दुसरा, आप्पा आम्हाला शिकवतात त्या प्रत्येक रविवारची मजुरी त्यांना मिळणार, आणि ती मंडळाच्या वर्गणीतून. तिसरा, गावाला जी वस्तू दान द्यायची, तिचाही पूर्ण हिशेब वहीत लिहायचा. लाकूड किती, खिळे किती, आणि आपले तास किती.

तिसऱ्या नियमावर आमच्यात चांगलंच वाजलं. "शाळा आपली, पोरं आपली, तिथे कसले तास मोजता?" असं काही जणींचं म्हणणं. दोघी तर महिनाभर आल्या नाहीत. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. पण दुसरी बाजूही ऐका. बाईचं काम न मोजण्याची सवय सगळ्यांनाच आहे. घरात तेच, शेतात तेच. एका कार्यालयातून आम्हाला निरोप आला होता, वीस बाकं करून द्या, पेपरात फोटो येईल. आम्ही लाकडाचा आणि मजुरीचा लेखी अंदाज पाठवला. पुन्हा निरोप आला नाही.

मग तोडगा निघाला. दान द्यायचं, पण मोजून द्यायचं. शाळेची सहा बाकं दुरुस्त केली, त्याला सगळ्यांचे मिळून अडतीस तास लागले. ग्रामसभेत तो हिशेब उभं राहून वाचला. सामान इतक्याचं, तास अडतीस, मजुरी मंडळाकडून दान. सभेत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण पुढच्या वेळी अंगणवाडीचे पाट करायचे ठरले, तेव्हा लाकडाचे पैसे पंचायतीने दिले, आणि पुढे नवी बाकं लागली तेव्हा ते काम आप्पांना मिळालं. रुसलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरी आली नाही, पण तिच्या सासूबाईंसाठी स्टूल न्यायला ती स्वतः आली.

हे स्टूल म्हणजे आमचं सगळ्यात जास्त मागणीचं काम. गावात घरोघरी शौचालयं झाली, पण गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला खाली बसता येत नाही. कितीतरी आज्या उठता येणार नाही या भीतीने पाणी कमी पितात, हे कुणी बोलून दाखवत नाही. शौचालयावर ठेवायचं, मधे भोक असलेलं, चार पायांचं भक्कम स्टूल लागतं. माप बाजारातलं नाही, माणसाचं घ्यायचं. गुडघ्याच्या मागच्या खळीपासून जमिनीपर्यंत जी उंची, ती स्टुलाची. पाय खाली थोडे बाहेर फाकलेले, चारही पायांना आडव्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना धरायला हात. कडा घासून गुळगुळीत, पायांना खाली रबर. आणि देण्याआधी आमच्यातली सगळ्यात वजनदार बाई त्यावर बसून डोलून बघते. ते कुरकुरलं तर परत उघडायचं.

लाकूड कुठून आणायचं? आपल्याकडे धाब्याची घरं पाडून स्लॅबची घरं होताहेत. त्यातून जुने सागाचे खांब आणि सरे निघतात. चांगलं मुरलेलं लाकूड, पण आत जुने खिळे असतात. ते शोधून काढल्याशिवाय रंधा लावायचा नाही, नाहीतर पात्याचा दात पडतो. कडुनिंबाला वाळवी लवकर लागत नाही, बाभूळ मजबूत. मात्र ओलं लाकूड वापरू नका. एक इंच जाडीला एक वर्ष वाळवण, असा जुना अंदाज आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा कच्चं लाकूड आकसून सांधे उघडतात.

आणि झाड स्वतः तोडायला जाऊ नका. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने आधी परवानगी लागते. वखारीतून घेतलं तर पावती घ्या आणि वहीला लावून ठेवा.

हत्यारं एकदम घेऊ नका. करवत, रंधा, दोन पटाश्या, हातोडा, गुण्या, टेप, गिरमिट, शिकंजा, एवढ्यावर वर्ष निघतं. कुणी काय नेलं, कधी आणलं, याची वेगळी वही ठेवा. पटाशीला धार असेल तर ती सरळ चालते. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, ती सटकते आणि हात कापते. पदर खोचलेला, बांगड्या काढलेल्या, डोळ्यांना चष्मा. विजेची करवत आप्पा समोर असल्याशिवाय सुरू होत नाही, हा नियम अध्यक्षांनाही लागू. आणि आप्पांचं रोजचं वाक्य आम्ही भिंतीवर लिहून ठेवलंय, "आधी माप, मंग करवत."

जाता जाता एक कामाची माहिती. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, खेळणी बनवणं आहे, टोपल्या-झाडू बनवणंही आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत, मग २ लाखांपर्यंत कर्ज, असं तिचं स्वरूप. नोंदणी सीएससी केंद्रावर होते. पण एक अट नीट ऐका. एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंदणी होते. तुमच्या घरी हा धंदा असेल, घासणं, पॉलिश, जोडणी तुम्ही करत असाल, तर नाव कुणाचं लावायचं हे घरात आधी बोला. ते आपोआप पुरुषाचंच लागू देऊ नका. आप्पांच्या सूनबाई गेली कित्येक वर्षं त्यांच्याबरोबर काम करतात. त्यांच्या घरात हे बोलणं सध्या चालू आहे.

तुमच्या गटात असं मंडळ काढायचं असेल तर आधी गावातल्या सुताराकडे जा. त्यांना विचारा, कोणतं काम आम्ही करू नये? मग गावात फिरून मोडक्या वस्तूंची यादी करा. मग दोन वह्या आणा, एक हत्यारांची, एक तासांची. हातोडा त्यानंतर आणला तरी चालतो.