गढीवरचं जेवण आणि त्याचं मोल



गेले दोन महिने आमच्या बैठकीत एकच विषय निघतोय. वेरूळच्या वाटेवरच्या एका गावात गटातल्या एका ताईंचा जुना वाडा आहे. त्यातल्या दोन खोल्या नीट करायच्या, तिथं पर्यटकांना उतरवायचं आणि जेवू घालायचं, असं गटानं ठरवलं. सगळं जमत आलं आणि एका प्रश्नावर अडलं. दारी आलेल्या पाहुण्याकडून जेवणाचे पैसे मागायचे कसे? एक मावशी म्हणाल्या, "भाकरीचे पैसे घ्यायचे म्हणजे लाज वाटते बाई."

म्हणून आज फ्रान्समधल्या शातोंबद्दल सांगते. शातो म्हणजे सरदार-जमीनदारांची खेड्यातली जुनी हवेली. आपली गढीच म्हणा ना! वेरूळला मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे, आणि पांढऱ्या मातीच्या पडक्या गढ्या तर मराठवाड्यात कितीतरी गावांत दिसतात. तिकडं एवढ्या मोठ्या घराची डागडुजी परवडेना, तेव्हा कित्येक मालकांनी घरातच पाहुणे ठेवायला सुरुवात केली.

त्यासाठी तिथं कायदा आहे. घरगुती पाहुणचार म्हणून चालवायचं असेल तर जास्तीत जास्त पाच खोल्या आणि एका वेळी पंधरा माणसं. त्याहून जास्त झाले की ते हॉटेल धरलं जातं. जेवणाचा नियम तर मला फारच आवडला. त्याला 'ताब्ल दोत' म्हणतात, म्हणजे यजमानाचं टेबल. जेवण फक्त मुक्कामी पाहुण्यांना. पदार्थांची यादी हातात द्यायची नाही. घरात जे शिजलं तेच सगळ्यांना, आणि तेही एकाच टेबलाशी. दूरदूरचे लोक पैसे मोजून त्या टेबलाशी बसतात. यात कुणाची लाज जात नाही.

फ्रान्स लांब वाटत असेल तर गोव्यात केपे गावी या. तिथं एका धर्मगुरूंनी 1787 साली बांधलेला 'पलासियो दो देआंव' नावाचा वाडा आहे. पडझड झालेलं ते घर एका दांपत्यानं दुरुस्त केलं. आधी कळवून गेलं, तर तिथं गोव्याच्या जुन्या घरांतलं पोर्तुगीज वळणाचं जेवण मिळतं.

या दोन्ही ठिकाणांहून आपण 'आधी कळवा' आणि 'घरात शिजेल तेच' एवढं उचलायचं. त्यानं अन्न वाया जात नाही आणि बाई दिवसभर चुलीशी अडकत नाही. वेरूळला येणारा माणूस रस्त्यावर पनीरची भाजी खाऊन परत जातो. त्याला येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, ठेचा, धपाटे कुठं मिळतात? आमच्या गटातल्या एक आपा नान-खलिया करतात. तो या शहराचाच पदार्थ. पण बिनमांसाच्या पंगतीची भांडी वेगळी ठेवायची, हे आधीच ठरवा. आणि संडास स्वच्छ हवा. आमटी कितीही झणझणीत असली तरी पाहुणा आधी तेच बघतो!

आता पैशांचं. समजा दहा पाहुणे आहेत. चार बायका चार-चार तास राबल्या, म्हणजे सोळा तासांची मजुरी झाली. आपण किराणा धरतो, गॅस धरतो आणि हे सोळा तास सोडून देतो. मावशींची लाज तिथंच लपलेली आहे, असं मला वाटतं. शेतात निंदायला गेलं की याच मावशी रोज ठणकावून मागतात. मग चुलीपुढचे तास फुकट का? मजुरी धरा, भांडी घासण्याचा वेळ धरा, वाड्याच्या डागडुजीसाठी थोडं बाजूला काढा, आणि मगच ताटाचा दर ठरवा. दर खोलीबाहेर लिहून लावा, म्हणजे तोंडानं मागावं लागत नाही.

भांडवलासाठी राज्याच्या पर्यटन विभागाचं 2023 मधलं 'आई' धोरण आहे. त्यात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. परतावा व्याजाचाच आहे, मुद्दल आपल्यालाच फेडायचं आहे. म्हणून दोन खोल्यांसाठी लागेल तेवढंच कर्ज मागा. अर्जाआधी पर्यटन विभागात चौकशी करा आणि अन्नपदार्थांच्या नोंदणीचंही बघून घ्या.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. त्या दिवशी वाड्यावर चाचणीची पंगत ठेवली आहे. जेवायला शेजारच्या गटाच्या दहा जणी येणार आहेत, ताटाचे पैसे देऊन. गल्ला मावशींकडं दिलाय.