खेळ बघणारा ऑर्गन

बेसबॉल हा क्रिकेटसारखाच थांबत थांबत पुढे जाणारा खेळ. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एक चेंडू टाकतो आणि मग काही क्षण काहीच घडत नाही. अमेरिकेतल्या अनेक मैदानांवर हे रिकामे क्षण भरण्याचे काम एक वादक करतो. त्याच्यापुढे ऑर्गन असतो आणि डोळे मैदानावर.

ही प्रथा सुरू झाली शिकागोच्या रिग्ली फील्डवर, २६ एप्रिल १९४१ रोजी. त्याच शहरात लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ मध्ये विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला होता. चर्चमधल्या ऑर्गनला भिंतभर नळ्या लागतात, आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनला पायाने भाता मारावा लागे. याला दोन्ही नको. ध्वनिवर्धक जोडला की झाले. गंमत म्हणजे, त्या दिवशी रेडिओवरचे प्रक्षेपण सुरू होण्याआधी वादन थांबवावे लागले. गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न होता!

पुढच्याच वर्षी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर ग्लॅडिस गुडिंग या बाई वाजवू लागल्या. २४ सप्टेंबर १९५७ रोजी ब्रुकलिनचा डॉजर्स संघ तिथे अखेरचा सामना खेळला. संघ लॉस एंजेलिसला जाणार होता. त्या संध्याकाळी बाईंनी निरोपाची गाणी एकामागून एक वाजवली. भाषण कोणी केले नसते तरी चालले असते. लोकांना काय वाटत होते, ते ऑर्गनने सांगितले.

ऑर्गन थट्टाही करतो. फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर इथे १९८५ मध्ये पंचांनी एक निर्णय यजमान संघाविरुद्ध दिला. विल्बर स्नॅप या वादकाने लगेच तीन आंधळ्या उंदरांच्या बालगीताची चाल वाजवली. शब्द एकही उच्चारला नव्हता, पण टोमणा सगळ्यांना कळला, पंचांनाही. त्यांनी वादकालाच सामन्यातून बाहेर काढले! पुढे स्नॅप सही करताना आपल्या नावापुढे त्या गाण्याचा उल्लेख अभिमानाने करीत.

शिकागोच्याच व्हाइट सॉक्स संघासाठी नॅन्सी फॉस्ट यांनी १९७० ते २०१० अशी चाळीस वर्षे वादन केले. खेळाडूचे नाव, गाव, त्याची चूक, कशावरूनही त्यांना गाणे सुचे. १९७७ मध्ये प्रतिस्पर्धी पिचरला मैदानाबाहेर नेले जात असताना त्यांनी निरोपाचे एक लोकप्रिय गाणे छेडले आणि सगळे प्रेक्षक ते गाऊ लागले. पुढे ती चाल देशभरातल्या मैदानांवर पोचली.

आता बहुतेक ठिकाणी ध्वनिमुद्रित संगीताचा दणदणाट असतो. तेही लोकांना आवडते. पण मुद्रित गाणे आधी निवडून ठेवलेले असते. मैदानावर आत्ता काय झाले हे त्याला ठाऊक नसते. वादक मात्र चाल अर्ध्यावर सोडू शकतो, लय वाढवू शकतो, पिचर सज्ज होताच हात उचलू शकतो. आपला तबलजी गायकाकडे बघत ठेका धरतो, तशीच ही साथ आहे.

वेळही आता कमी झाला आहे. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावले गेले. मैदानात धावपटू नसेल, तर पंधरा सेकंदांत त्याने पुढचा चेंडू टाकलाच पाहिजे. सामने सरासरी वीस मिनिटांहून अधिक लवकर संपू लागले. प्रेक्षक खूश आहेत. वादकाला मात्र तेवढ्यातच आपले म्हणणे मांडावे लागते.

तरीही ऑर्गन टिकून आहे. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये जॉश कँटर २००३ पासून वाजवत आले आहेत आणि प्रेक्षकांच्या फर्माइशीही घेतात. मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी एखादा सामना जरूर पाहावा. नियम कळले नाहीत तरी बिघडत नाही. सातव्या डावाच्या मध्यावर सगळे प्रेक्षक उभे राहून १९०८ सालचे बेसबॉलचे गाणे म्हणतात. त्या वेळी ऑर्गन कुठून वाजतो आहे, तेवढे मात्र शोधून काढा.