रविवारची सुटी कोणीं मिळविली?
(कारधा, जि. भंडारा येथील सभेंत केलेलें भाषण)



नदीपलीकडे भंडाऱ्यास रविवारीं कचेरी बंद असते. तशीच गिरणीही आपोआप बंद राहूं लागली असेल, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. गिरणीच्या मजुराला ती सुटी कोणीं दिली नाहीं, त्यानें ती मागून घेतली. आणि ती मागण्यांत पुढें होता एक माळ्याचा मुलगा, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजांतला, नारायण मेघाजी लोखंडे.

१ जानेवारी १८७७ रोजीं दोन गोष्टी घडल्या. पुण्यांत कृष्णराव भालेकरांनीं ‘दीनबंधु’ पत्र काढलें, आणि इकडे नागपुरास टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. योगायोग खरा, पण मला तो फार आवडतो. त्याच वर्षीं त्या गिरणींत मजुरीच्या दरावरून मजुरांनीं काम बंद केलें. हिंदुस्थानांतल्या अगदीं पहिल्या संपांत त्याची गणना होते. संप म्हटला कीं आपण मुंबईकडे बोट दाखवितों; नागपूर तर आपल्या शेजारचें!

१८८० सालीं लोखंडे यांनीं ‘दीनबंधु’ मुंबईस चालविण्यास घेतला. ते स्वतः गिरणींत नोकरीस होते, म्हणून तेथील हाल त्यांस ऐकून नव्हे, पाहून ठाऊक. तेव्हां गिरणींत विजेचे दिवे नव्हते. दिवस उगवला कीं काम सुरू, मावळला कीं बंद. उन्हाळ्यांत दिवस लांबला कीं कामही लांबे. १८८१ चा कायदा झाला तो लहान मुलांपुरता. त्यांच्या बापाला व आईला त्यांत कांहीं नव्हतें.

सप्टेंबर १८८४ मध्यें, २३ व २६ तारखेस, लोखंडे यांनीं मजुरांच्या सभा भरविल्या. मागणें काय होतें? आठवड्यास एक दिवस, रविवार, सुटी. दुपारीं अर्धा तास विसांवा. सकाळीं साडेसहाला काम सुरू व्हावें, सूर्य मावळतांना थांबावें. मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत हातीं पडावा. यंत्रांत सांपडून हात गेला तर कांहीं भरपाई मिळावी. यांत राज्य मागितलें आहे काय? तरी एवढ्यासाठीं ५,५०० मजुरांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढें गेला आणि पुढें सहा वर्षें वाट पाहावी लागली. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार मजूर जमले. त्या सभेंत दोन बाया उभ्या राहून बोलल्या. त्या काळीं! १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुटी कबूल केली.

लोखंडे यांच्या संघाला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, लिहिलेले नियम नव्हते. हें वैगुण्य झांकण्याचें कारण नाहीं. १८९७ सालीं प्लेगानें ते गेले, तेव्हां मागें उभा राहील असा संघ उरला नाहीं.

त्याच सुमारास अमेरिकेंत, १ मे १८८६ रोजीं, लाखों मजूर आठ तासांच्या दिवसासाठीं काम सोडून उठले. शिकागोस ४ तारखेच्या सभेंत बाँब पडला. तो कोणीं टाकला हें आजवर सिद्ध झालेलें नाहीं, तरी पुढच्या वर्षीं चार पुढारी फांशीं गेले. तेथें ‘नाइट्स ऑफ लेबर’ नांवाचा मोठा संघ होता. त्यांत बायांना जागा होती, काळ्या मजुरालाही होती; चिनी मजुराला मात्र दार बंद. ज्या अमेरिकेच्या भल्या लोकांनीं गुलामगिरी उठविली त्यांना जोतीरावांनीं १८७३ सालीं आपला ग्रंथ अर्पण केला, त्याच देशांतली ही गोष्ट.

पण आपण हंसूं नये. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यांत मजुरी जास्त, आणि तेथें अस्पृश्य मजुरास उभें राहूं देत नसत. कां, तर धोट्यांतून धागा तोंडानें ओढावा लागे, आणि त्याच्या ओठांस लागलेला धोटा इतरांस चालत नसे. हा विटाळ शेजारच्या मजुराचाच होता. १९२८ च्या संपांत डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढें ठेविला, तेव्हां त्यांस तोंड उघडणें जड गेलें असेल.

आतां आपल्या जिल्ह्याकडे येतों. गिरणीला एक दरवाजा असतो, तेथें मजूर सहज भेटतात. आमची बिडी वळणारी बाई आपल्या ओसरीवर एकटी बसते. पान, तंबाखू, सूत सट्टेदाराकडून आणते, वळलेल्या बिड्या त्यालाच नेऊन देते, आणि मजुरी हजारामागें. त्यानें छाट म्हणून ज्या बिड्या काढल्या त्यांची मजुरी नाहीं. किती छाटाव्या, हें एकटी बाई काय सांगणार? १९६६ सालीं बिडी कामगारांसाठीं कायदा झाला, त्यांत घरीं वळणारीलाही कामगार मानलें. पण कायदा ओसरीवर येऊन मोजीत नाहीं.

म्हणून सभा उठल्यावर ज्यांच्या घरीं बिड्या वळतात त्या बायांनीं थांबावें. ही कोरी वही मीं आणली आहे. गेल्या महिन्यांत कोणीं किती हजार दिल्या, किती छाटल्या गेल्या, पैसे कोणत्या तारखेस मिळाले, एवढेंच लिहून घेऊं. मागें बसलेल्या बायांनीं आधीं यावें.