बाहुली कपाटात नको

आज बाहुल्यांबद्दल बोलू या. भातुकलीतल्या नव्हे, नर्सिंगच्या शाळेत पेशंट म्हणून खाटेवर निजवलेल्या असतात, त्या बाहुल्यांबद्दल. पुष्कळ बाया विचारतात, "आमची पोरगी नर्सिंगला टाकली, तर म्हणे बाहुलीला इंजेक्शन देतात. याला का शिक्षण म्हणायचं?" याला शिक्षणच म्हणायचं. कसं, ते सांगते.

एकलहऱ्याच्या माणसाला वीज केंद्राचं उदाहरण पुरेल. चालू संच अचानक बंद पडला तर काय करायचं, हे कंट्रोल रूममधल्या माणसाला खरा संच बंद पाडून शिकवत नाहीत. त्यासाठी सिम्युलेटर असतो. तशीच बटणं, तसेच काटे, पण बिघाड खोटा. विमान चालवणारेही असंच शिकतात. मग नर्सनेच पहिली सुई जिवंत माणसाच्या दंडात का टोचायची? पूर्वी तसंच शिकवत. आणि ती पहिली सुई कुणाच्या वाट्याला यायची? खासगी खोलीतल्या पेशंटच्या नाही. जनरल वॉर्डातल्या, 'मला नको' म्हणता न येणाऱ्या बाईच्या. बाहुली आली ती तिची जागा घ्यायला, असं मी समजते.

ही कल्पना आजची नाही. फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाची सुईण होती. १७५९ साली तिला राजाकडून परवानगी मिळाली आणि ती गावोगाव बाळंतपण शिकवत फिरली. तिच्याजवळ कापड आणि चामड्याचं, आत भरण घातलेलं बाईचं कंबरेखालचं अंग होतं, आणि कापडाचं बाळ. बाळ आडवं आलं, पायाळू आलं, तर हात कसा लावायचा हे त्यावर करून घ्यायची. शिकणाऱ्या कितीतरी बायांना अक्षर येत नव्हतं. पुढे अमेरिकेत १९११ मध्ये बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस या बाईंनी नर्सिंगच्या मुलींसाठी माणसाएवढी बाहुली करून दिली. १९६० मध्ये नॉर्वेच्या एका खेळणीवाल्याने, आसमुंड लेर्डाल यांनी, तोंडाने श्वास द्यायला शिकायची बाहुली काढली. सुईण, बाहुलीवाली, खेळणीवाला. हे या लोकांच्या हातून घडलं, याची मला गंमत वाटते.

आता प्रत्यक्ष काय करतात ते ऐका. नवजात बाळाची एक बाहुली असते. तिच्यात कोमट पाणी भरलं की ती खऱ्या बाळासारखी जड आणि लिबलिबीत लागते. शिकवणाऱ्या सिस्टरच्या हातात रबरी फुगे असतात. एक दाबला की नाळेचे ठोके लागतात, दुसऱ्याने बाळ रडतं किंवा श्वास घेतं. सिस्टरने दाबलंच नाही, तर बाळ गप्प. मग मुलीची परीक्षा. बाळ पुसायचं, ऊब द्यायची, पाठ चोळायची. तरी श्वास नाही, तर तोंडानाकावर मास्क नीट बसवून पिशवीने हवा द्यायची. हे सगळं पहिल्या मिनिटात. त्याला सोन्याचं मिनिट म्हणतात. मान जरा जास्त मागे गेली किंवा मास्क कडेने सुटला, तर बाहुलीची छाती वर येतच नाही. मुलीला तिथल्या तिथे कळतं. पुन्हा कर, पुन्हा कर. वीसदा चुकली तरी कुणाच्या घरचं बाळ जात नाही.

बाळंतपणाची बाहुली तर एखादी बाई पोटाला पट्ट्यांनी बांधून बसते. मागून हळूच लाल पाणी सोडतात. पदर, चादर भिजायला लागते. मुलीच्या लक्षात कधी येतं, ती पिशवी चोळून घट्ट करते का, मदतीला हाक मारते का, हे बघतात. आणि ती बाई गप्प बसत नाही. "सिस्टर, मला गरगरतंय, माझ्या आईला बोलवा," म्हणते. नुसत्या रबराच्या बाहुलीला लाज नसते, भीती नसते, सासू दारात उभी नसते. म्हणून जिवंत माणूस पेशंट होऊन बसतो तो सराव मला जास्त मोलाचा वाटतो. न सांगता चादर ओढली, तर तीच बाई नंतर सांगते, "तू मला विचारलं नाहीस." असं पाठ्यपुस्तक सांगत नाही.

सराव संपला की सगळ्या गोल बसतात. काय झालं, काय राहिलं, पुढच्या वेळी काय करू. तिथे बोलणी बसली, तर पुढच्या वेळी मुलगी चूक लपवायला शिकते, आणि दवाखान्यात लपवलेली चूक फार महाग पडते.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला, त्यात असा सराव घातला आहे. पदवीच्या कॉलेजांचं आरोग्य विद्यापीठ तर आपल्याच नाशकात, म्हसरूळला आहे. कागदावर सगळं ठीक. अडतं कुठे, तर कपाटाच्या कुलपापाशी. बाहुली महाग, म्हणून दागिन्यासारखी जपतात. तपासणीला कुणी आलं की बाहेर काढतात, पुसतात, परत आत.

म्हणून मुलीचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा इमारत बघून परत येऊ नका. सरावाची खोली उघडून दाखवा म्हणा. बाहुलीचा मास्क वापरून मळलेला आहे का बघा. नवा कोरा असेल तर शंका घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना एकटं गाठून विचारा, महिन्यातून किती वेळा तुझा स्वतःचा हात लागतो? आणि खऱ्या वॉर्डात किती दिवस पाठवतात? कारण बाहुलीवर हात बसतो, पण माणूस ओळखायला वॉर्डच लागतो. दोन्ही हवं.

आणि हे फक्त डिग्रीवाल्यांचं काम आहे असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत केलं. श्वास कोंडलेल्या बाळाला आधी नळी-मास्कने आणि पुढे पिशवी-मास्कने श्वास द्यायला त्या शिकल्या, न्यूमोनिया ओळखायला शिकल्या. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आलं. पण श्वास न घेणारं बाळ रोज जन्माला येत नाही. क्वचित लागणारा हात सरावाशिवाय विसरतो, मग ती गावची ताई असो की मोठ्या दवाखान्यातली सिस्टर.

आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्या सहा वेळा घरी येतात. बाळ कसं पुसायचं, डोकं झाकून कसं गुंडाळायचं, आईच्या छातीशी कसं धरायचं, हे त्यांना दाखवायला सांगा. बाहुली नसली तर टॉवेलची गुंडाळी करा. आणि नुसतं बघू नका, एकेकीने हातात घेऊन करा. घरातल्या सासूबाईंनाही आणा, बाळाला पहिलं पाणी घालायची घाई त्यांनाच असते.