तक्रार न येणारा बिघाड

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या फोनला उसंत नसते. मी गॅस गिझर दुरुस्त करतो. वर्षभर ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं, तो गिझर त्या दिवशी सगळ्यांना आठवतो. "दादा, पहाटे अभ्यंगस्नान आहे, काहीही करा पण आज याच." मी विचारतो, "नळ सोडल्यावर आवाज येतो का?" पलीकडून उत्तर येतं, "कसला आवाज?"

त्या आवाजापासूनच सुरुवात करू.

भिंतीवरच्या त्या पेटीत गरम पाणी साठवलेलं नसतं. नळ सोडला की पाणी आत शिरतं आणि एका रबरी पडद्याला रेटतं. त्याला आम्ही डायफ्राम म्हणतो. पडदा सरकला की गॅसची वाट मोकळी होते आणि एक छोटा स्विच दाबला जातो. मग सेलवर टक-टक-टक ठिणगी उडते आणि बर्नर पेटतो. ज्योत लागली की नाही, हे एक बारीक सळई तपासते. नसेल लागली, तर काही सेकंदांत गॅस आपोआप बंद होतो. पाणी, ठिणगी, गॅस, ज्योत. गिझर या क्रमाने चालतो, आणि बिघाडही याच क्रमाने शोधायचा.

टक-टक अजिबात येत नसेल, तर आधी पाणी बघा. एक लिटरचा तांब्या नळाखाली धरा. तो साधारण वीस सेकंदांत भरला पाहिजे. धार त्याहून बारीक असेल, तर डायफ्राम हलतच नाही. टाकी धुतली की दुसऱ्या दिवशी हमखास फोन येतात, कारण टाकीतला गाळ गिझरच्या तोंडाशी असलेल्या जाळीत येऊन बसतो. जाळी काढून ब्रशने घासली की काम झालं. वरच्या मजल्यावरच्यांचं दुखणं वेगळं. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ किलोचा दाब मिळतो. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापासून जेमतेम २ मीटर वर असेल, तर दाब किती मिळणार? एका आजोबांनी याच कारणासाठी दोन गिझर बदलले होते. बदलायची होती टाकीची उंची.

पाणी ठीक असेल तर सेल. दोन मोठे सेल असतात, दीड-दीड व्होल्टचे. बदलायचे तर दोन्ही एकदम बदला, एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावू नका. चार्ज करून वापरायचे सेल १.२ व्होल्टचे असतात, ते इथे कमी पडतात. सेल नवे असूनही ठिणगी नसेल, तर डबीतल्या पत्त्यांवर हिरवट गंज चढलाय का, ते पाहा.

ठिणगी आहे पण जाळ नाही, याचा अर्थ गॅस पोचत नाही. सिलिंडर संपत आलाय, रेग्युलेटर नीट बसलेला नाही किंवा नळी कुठेतरी मुडपली आहे. नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते, म्हणून पहिल्या एक-दोन वेळा पेटत नाही. थंडीत सिलिंडरला घाम फुटतो आणि गॅस मंद येतो. तेव्हा काही जण त्यावर कढत पाणी ओततात. हा खेळ कृपा करून करू नका. गळतीची शंका आली तर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा, काडी ओढून नव्हे. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. उग्र वास आला की रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं एकही बटण दाबू नका, आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

पेटून लगेच विझत असेल, तर त्या सळईवर काजळी धरलेली असते. आणि पेटताना 'भक्' असा आवाज होत असेल, तर पुन्हा एकदा करून पाहू म्हणू नका. गॅस साचून मग पेटतोय. बंद करा, कारागीर बोलवा.

आता एक तक्रार, जी मुळात बिघाडच नाही. "दादा, वीस मिनिटं झाली की हा आपला बंद." बऱ्याच गिझरमध्ये तसा टायमरच असतो. "मग तो काढून टाका ना!" इथे मी हात जोडतो. का, ते सांगतो.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला दहा किलोवॉटच्या वर उष्णता लागते. त्यासाठी तासाला साधारण एक किलो गॅस जळतो, आणि एक किलो गॅसला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. आपली बाथरूम केवढी? पाच फूट बाय सहा फूट, उंची आठ. म्हणजे जेमतेम ७ घनमीटर. दार-खिडकी बंद असेल, तर वीस मिनिटांत त्यातल्या निम्म्याहून जास्त हवेचा प्राणवायू खर्ची पडेल. पण त्याच्या कितीतरी आधी ज्योतीला हवा कमी पडू लागते, ती निळ्याची पिवळी होते, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुडघ्यांतलं बळ जातं. कडी काढायची हे सुचतं, पण हात उठत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. एका घरी टायमर आधीच कुणीतरी काढून टाकला होता. दार लोटून मी ज्योत निरखत बसलो. थोड्या वेळाने वाटलं, सकाळी उपाशी निघालो म्हणून गरगरतंय. उठायला गेलो तर पाय माझे नव्हतेच. कसाबसा बाहेर येऊन जिन्यात बसलो. गिझर मात्र अगदी झकास चालू होता.

आपल्या आजीच्या बंबाला धुराडं होतं, आणि तरी धूर डोळ्यांत गेला की माणूस आपसूक अंगणात यायचा. हा धूर डोळ्यांना झोंबत नाही. दिवाळीच्या पहाटे तर घरातली सगळी एकामागून एक आंघोळीला जातात. थंडी म्हणून खिडकी बंद, गिझर अखंड चालू. म्हणून गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या बाल्कनीत बसवा आणि पाणी पाइपने आत घ्या. तो आतच असेल, तर वर उघडा झरोका आणि दाराला खाली जाळी हवीच. तोवर आधी बादली भरा, गिझर बंद करा, मगच आंघोळीला बसा.

पेटत नाही, विझतो, पाणी कोमट येतं, अशा तक्रारी घेऊन लोक मला बोलावतात. गरम पाणी भरपूर येतंय पण खिडकी बंद आहे, असं सांगायला आजवर एकाचाही फोन आलेला नाही. म्हणून मी आता माझा पहिला प्रश्न बदललाय. आवाज येतो का, हे नंतर. आधी विचारतो, "गिझर बसवलाय कुठे?"